पडद्यावरील उर्दू व भिंतीपलीकडील उर्दू

परभाषा संपादन करावयाची तर गुरु पाहिजे, कोश पाहिजे, व्याकरण पाहिजे, आणि ह्या सर्वांहून अधिक चिकाटी पाहिजे, अशी आमच्या पिढीची समजूत होती. अलीकडे ह्या समजुतीस मोठाच धक्का बसला आहे. शेजारच्या देशाची दूरचित्रवाणी नित्य पाहून मुलें त्या देशाची भाषा शिकतात, आणि ती शाळेंत शिकलेल्या मुलांपेक्षांही अधिक सफाईनें बोलतात, असें आतां सर्रास सांगण्यांत येतें. ह्या म्हणण्यांत खरें किती व भ्रम किती, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणादाखल पाकिस्तानी नाट्यमालिका घेतल्या आहेत. कारण ह्या मार्गानें मराठी घरांत एक भाषा शिरली ती उर्दू होय, आणि तिच्या बऱ्यावाइटाचा अनुभव मला संगमनेरास माझ्या घरींच आला आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, ही गोष्ट केवळ दंतकथा नव्हे. सोव्हिएत राजवटींत एस्टोनियाच्या टॅलिन शहरांतील लोक आखातापलीकडून येणारी फिनलंडची दूरचित्रवाणी पाहत असत. दोन्ही भाषा एकाच कुळांतील असल्यामुळें कित्येकांस फिन्निश भाषा शाळेवांचून अवगत झाली. अल्बानियांतील कडक राजवटींत लोकांनीं चोरून इटालियन कार्यक्रम पाहिले, आणि भाषांचें तसें निकटचें नातें नसतांही त्या पिढींतील पुष्कळांस इटालियन समजूं लागलें. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत व्लोरा नांवाच्या एकाच जहाजांतून हजारों अल्बानियन लोक इटलीच्या बारी बंदरांत उतरले, तेव्हां त्यांतील अनेकांची त्या देशाशीं पडद्यावर आधींच ओळख झालेली होती. बांगलादेशांत डोरेमॉन ही जपानी चित्रमालिका हिंदींत दिसत असे. मुलें घरांत बंगाली सोडून हिंदी बोलूं लागलीं अशी ओरड झाली आणि २०१३ सालीं तेथील सरकारनें तें प्रसारण बंद केलें. आपल्याकडेही अमृतसरचें उदाहरण आहे. लाहोरचें दूरचित्रवाणी केंद्र १९६४ सालीं निघालें, अमृतसरास स्वतःचें केंद्र १९७३ सालीं मिळालें. मधल्या नऊ वर्षांत तेथें ज्यांच्या घरीं यंत्र होतें त्यांस लाहोरचीच चित्रें पाहावयास मिळत.

ह्या सर्व ठिकाणीं एक गोष्ट समान दिसते. भाषा शिकावी म्हणून कोणी पडद्यापुढें बसलें नव्हतें. गोष्ट पुढें काय झाली, गाणें कोणतें लागलें, पलीकडचीं माणसें कशीं राहतात, हें कळून घेण्याची उत्कंठा होती. त्या उत्कंठेच्या पाठोपाठ भाषा आली. विद्यार्थ्याच्या ठायीं ही उत्कंठा निर्माण करण्यांत आम्हां अध्यापकांचें निम्में आयुष्य जातें, आणि पुष्कळदां तें व्यर्थच जातें, हें येथें मोकळेपणानें कबूल केलेलें बरें.

कराचीचें प्रसारण गच्चीवर अँटेना उभारून पकडावें, इतकें कांहीं ते शहर महाराष्ट्रास जवळ नाहीं. तेथील नाटकें आमच्याकडे आलीं तीं चित्रफितींच्या कॅसेटींतून. पुण्यास शिकत असतां एका स्नेह्याच्या घरीं मीं ‘धूप किनारे’ पाहिलें तें असेंच. प्रतीवरून प्रत काढलेली, चित्र थरथरणारें, आवाज मधूनच बुडणारा. ही मालिका पाकिस्तान टेलिव्हिजननें १९८७ सालीं दाखविली. तिच्या लेखिका हसीना मोईन ह्यांचा जन्म कानपूरचा, १९४१ सालचा. फाळणीनंतर त्यांचें कुटुंब तिकडे गेलें. पुढें राज कपूर ह्यांच्या संकल्पनेंतील ‘हिना’ ह्या १९९१ च्या हिंदी चित्रपटाचे संवादही त्यांनींच लिहिले, आणि ‘धूप किनारे’ची ‘कुछ तो लोग कहेंगे’ ही भारतीय आवृत्ति २०११ सालीं निघाली. घरोघर मात्र ह्या मालिका पोहोंचल्या त्या ‘जिंदगी’ ही वाहिनी २३ जून २०१४ रोजीं सुरू झाली तेव्हां. उमैरा अहमद ह्यांची ‘जिंदगी गुलजार है’ ही मालिका तीवर लागली, आणि आमच्या घरांतही रात्रीचीं जेवणें लवकर आटपूं लागलीं.

गुणदोषांचा विचार करतां, भाषाशिक्षक ह्या नात्यानें ह्या दोन कृतींची योग्यता लहान नाहीं. ‘धूप किनारे’मधील नायिका डॉ. झोया बडबडी, खोडकर, नायक डॉ. अहमर मितभाषी. एकीचीं वाक्यें अर्ध्यावर तुटतात, वळतात, थट्टा करतात. दुसऱ्याचीं मोजून मापून येतात. एकाच भाषेच्या दोन चाली श्रोत्याच्या कानीं शेजारीशेजारीं पडतात, आणि मनुष्यस्वभाव हा शब्दांच्या निवडींतून कसा प्रकट होतो हें त्यास कोणी न सांगतां समजतें. ‘जिंदगी गुलजार है’मध्यें कशफ व झारून हीं दोघें आपापली रोजनिशी लिहितात आणि तीच आपणांस ऐकूं येते. ही योजना शिकणाऱ्यास फारच उपकारक आहे. आधीं प्रसंग डोळ्यांनीं पाहावयाचा, मग त्याच प्रसंगाविषयीं सावकाश, व्यवस्थित वाक्यांत केलेलें चिंतन ऐकावयाचें. उत्तम शिक्षक वर्गांत ह्याहून निराळें काय करतो? शिवाय संवादांवर वाद्यांचा गोंगाट लादलेला नाहीं. मनुष्य बोलतो आहे आणि दुसरा ऐकतो आहे, एवढ्यावर प्रसंग तोलून धरण्याचें धैर्य ह्या लेखिकांनीं दाखविलें आहे.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. ‘धूप किनारे’चें जग सुस्थित व सुशिक्षित कुटुंबांचें आहे, कराचीच्या बाजारांत, गोदींत, वस्त्यांत काय बोललें जातें ह्याचा त्यांत फारसा मागमूस लागत नाहीं. ‘जिंदगी गुलजार है’चा पूर्वार्ध, मुली झाल्या म्हणून नवऱ्यानें टाकलेल्या एका शिक्षिकेच्या घरचें दैन्य मोठ्या प्रामाणिकपणें दाखवितो, उत्तरार्ध मात्र स्वतंत्र वृत्तीच्या स्त्रियांस वरचेवर अपराधी ठरवून, सोशिकपणांतच संसाराचें सुख आहे असा बोध करीत राहतो. आणि येथें भाषा व विचार ह्यांची फारकत करतां येत नाहीं. ह्या मालिकांतून बायको नवऱ्यास बहुधा ‘आप’ म्हणते, नवरा बायकोस ‘तुम’ म्हणतो. जी मुलगी हीं सर्वनामें शिकते, ती त्यांबरोबर येणारी घराची मांडणीही शिकते.

आतां प्रत्यक्ष लाभ काय झाला तो पाहूं. मराठी माणूस ‘तुम्ही’चा अर्थ ‘तुम’ असा धरतो, आणि त्यामुळें वडीलधाऱ्या गृहस्थास ‘तुम कब आये?’ असें विचारून, आपण आदर दाखविला अशा समाधानांत राहतो. ही चूक मीं स्वतः वर्षानुवर्षें केली. माझी कन्या तेव्हां बारातेरा वर्षांची होती. तिनें ती कधींच केली नाहीं. ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ ह्या तीन पायऱ्यांवर कोण कोणास केव्हां वर चढवितो, केव्हां खालीं उतरवितो, हें तिनें शंभर प्रसंगांतून पाहिलें होतें. उच्चाराचेंही तसेंच. ‘ज़’ हा वर्ण आम्हांस सर्वथा परका नाहीं. ‘जेवणें’ व ‘जाणें’ ह्या शब्दांतील ‘ज’ निरनिराळे आहेत, आणि दुसरा ‘ज़’च्या बराच जवळ जातो. परंतु ‘ख़’ आणि ‘ग़’ हे घशांतून यावयाचे वर्ण आहेत. व्याकरणाच्या पुस्तकांतून ते कोणास साधल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. कन्येस ते ऐकूनऐकून साधले. लिंगविचारांतही तिचा कान सहसा चुकत नसे. इतकें झाल्यावर पडदा कांहींच शिकवीत नाहीं असें म्हणणें हट्टाचें होईल.

परंतु उर्दू व मराठी ह्यांचें जवळपणच येथें फसवें ठरतें. मराठींत फार्सी-अरबी शब्द शेंकड्यांनीं आहेत, पण येथें आल्यावर त्यांनीं घर बदललें तसा अर्थही बदलला. आमचा ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूंतील ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश. आम्ही ‘हरकत’ घेतों ती आक्षेप म्हणून; तिकडे ‘हरकत’ म्हणजे हालचाल, प्रसंगीं खोडी. आमची ‘तक्रार’ अर्जांत लिहावयाची. तिकडची ‘तकरार’ दोघांच्या भांडणांत व्हावयाची. आमचा ‘राजीनामा’ नोकरी सोडणाऱ्यानें द्यावयाचा. तिकडचा ‘राज़ीनामा’ भांडणाऱ्या दोन पक्षांनीं समेट करून लिहावयाचा. पडद्यापुढें बसलेल्या मराठी माणसास हे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून तो थांबत नाहीं. प्रसंगाच्या ओघांत अंदाजानें अर्थ जुळवितो आणि पुढें जातो. सर्वस्वी अपरिचित शब्द कोशाकडे धाडतो; अर्धपरिचित शब्द मात्र समजल्याचा भास उत्पन्न करून तेथेंच बसवून ठेवतो. समोर माणूस असता तर त्याच्या चेहऱ्यावरून चूक तत्काळ कळली असती. पडद्यावरील झोया आपल्या चुकीस हंसत नाहीं.

हाच मुद्दा शास्त्रज्ञांनींही निराळ्या रीतीनें पाहिला आहे. अमेरिकेंत पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतील बालकांस बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविण्यांत आली. ज्यांच्याशीं चिनी भाषिक समक्ष खेळले, बोलले, त्या बालकांस त्या भाषेंतील वर्णभेद ओळखतां येऊं लागले. ज्यांनीं त्याच भाषिकांस पडद्यावर पाहिलें त्यांस कांहींच लाभ झाला नाहीं. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेलें दुसरें एक उदाहरण ह्याहून करुण आहे. एका मूकबधिर दांपत्याच्या ऐकूं येणाऱ्या मुलाच्या कानीं इंग्रजी पडे ती मुख्यतः दूरचित्रवाणीवरून. त्यास शब्द आले, पण वाक्यरचना विलक्षण झाली. मोठीं माणसें त्याच्याशीं बोलूं लागलीं तेव्हांच ती सुधारली. बारा वर्षांच्या मुलीस बालकाचा न्याय जसाच्या तसा लागूं करतां येणार नाहीं हें खरें. तिला पहिली भाषा आलेली असते, आणि अर्थ ताडण्याची युक्तिही आलेली असते. तरी भाषा ही देवघेव आहे, एकतर्फी दान नव्हे, एवढें ह्यावरून निश्चित होतें.

ही देवघेव आमच्याच घरीं चाळीस वर्षें चाललेली होती आणि ती माझ्या लक्षांत आली नव्हती. आमच्या घराची एक भिंत एका मुसलमान शिंप्याच्या घराशीं सामाईक आहे. माझी आई व त्यांचें कुटुंब ह्यांचें संभाषण मागच्या अंगणांतल्या बुटक्या भिंतीवरून रोज चाले. लोणच्याच्या कैऱ्या, मुलांचे ताप, नळाचें पाणी, लग्नाचे कपडे, असे सर्व विषय त्यांत येत. आईची ती बोली ऐकून आम्ही मुलें हंसत असूं. आपणांस एक भाषा येते असें आईच्या स्वप्नांतही नव्हतें.

२०१५ च्या सुमारास कन्या त्या शिंप्यांकडे झगा शिवावयास गेली. मी बरोबर होतों. ते म्हणाले, “इत्ता ढीला नक्को, बेटी.” कन्येनें मोठ्या अदबीनें, पण शिक्षिकेच्या सुरांत, त्यांस सांगितलें कीं, ‘नक्को’ हा शब्द उर्दूंत नाहीं, ‘नहीं चाहिए’ असें म्हणावें. मला, खरें सांगावयाचें तर, त्या वेळीं मुलीचा अभिमानच वाटला. वृद्ध गृहस्थ टेप गळ्यांत अडकवीत हंसले आणि म्हणाले, “अरे बेटी, ये नक्को तो तुमाराच है. हमारे पास किधर से आया?”

त्यांच्या ह्या एका वाक्यांत भाषाशास्त्राचा सबंध पाठ होता. दख्खनी उर्दूंतील ‘नक्को’ हा मराठी ‘नको’ होय. आणि ‘तुमाराच’मधील जोर देणारा ‘च’ हाही मराठीचाच. ज्या बोलीस माझी मुलगी अशुद्ध म्हणून सुधारावयास निघाली होती, तींत आमच्या भाषेचे दोन शब्द मानानें नांदत होते. ज्या उर्दूच्या जोरावर ती सुधारावयास निघाली, तिला त्यांचा पत्ताही नव्हता. पडद्यानें तिला भाषा दिली, पण त्याबरोबरच शेजाऱ्याच्या भाषेविषयीं तुच्छताही दिली. ह्यांत तिचा एकटीचा दोष नाहीं. आम्ही इंग्रजी शिकलों, आणि खेडेगांवाहून आलेल्या चुलत्यांची मराठी आम्हांस गांवढळ वाटूं लागली. तोच रोग हा.

वस्तुतः दख्खनच्या बोलीनें कोणापुढें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वली हा कवि औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, होऊन गेला. त्याच्या कवितांचा दिवाण अठराव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीस पोहोंचला, तेव्हां फार्सींत लिहिण्यांतच भूषण मानणाऱ्या तेथील कवींस लोकभाषेंतही उत्तम गझल होऊं शकते हें उमगलें. जी उर्दू आम्ही कराचीहून आली म्हणून कौतुकानें ऐकतों, तिच्या काव्याचा एक झरा आमच्या गोदावरीकांठचा आहे. खुद्द संगमनेरचा विचार करा. आमच्या गांवचा शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) ह्याचें मूळ आडनांव घोलप. मलिक फंदी नांवाच्या एका फकिराशीं स्नेह होता म्हणून लोक त्यासही ‘फंदी’ म्हणूं लागले, असें परंपरा सांगते. ज्या गांवानें आपल्या सर्वांत मोठ्या कवीस फकीर मित्राच्या नांवानें ओळखलें, त्या गांवच्या मुलीनें उर्दू शिकण्यासाठीं सरहद्दीपलीकडे पाहावें आणि भिंतीपलीकडे पाहूं नये, ही स्थिति विचार करण्याजोगी आहे.

केवळ घरीं बसून, ग्रंथांच्या द्वारां परभाषा आत्मसात् करणारेही आपल्यांत झाले, असा आक्षेप येथें कोणी घेईल. माधव जूलियन ह्यांचें नांव तर सहजच पुढें येईल. फार्सीचे ते प्राध्यापक. १९२५ सालीं त्यांनीं फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, १९३३ सालीं ‘गज्जलांजलि’ काढून फार्सीचीं वृत्तें मराठींत रुजविलीं, आणि १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठींतील परकीय शब्दांविरुद्ध शस्त्रही उचललें. त्यांच्या शुद्धीच्या आग्रहाशीं मी सहमत नाहीं. परंतु हें ध्यानांत घ्यावें कीं, त्यांनीं फार्सीपासून घेतलें तें मराठीस आणून दिलें. त्यांचा व्यवहार एकतर्फी नव्हता. पडद्यावरून घेतलेली भाषा कोणास आणि कोठें परत करावयाची, हा खरा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस २०१९ सालीं मिळालें. शेजारचे ते शिंपी वारले. आम्ही सर्व भेटीस गेलों. कन्या तोंवर महाविद्यालयांत जाऊं लागली होती. तिनें त्यांच्या पत्नीपुढें बसून, मालिकांत शेंकडों वेळां ऐकलेलें दुवा मागणारें एक सुंदर वाक्य निर्दोष उच्चारांत म्हटलें. बायकांनीं माना हलविल्या. कोणी ‘शुक्रिया’ म्हणालें. वाक्य बरोबर होतें, प्रसंगोचित होतें, मुलीच्या डोळ्यांत पाणीही खरें होतें. पण त्यावर पुढें बोलण्यासारखें कोणापाशीं कांहीं नव्हतें, आणि तिच्यापाशींही नव्हतें. मग आईनें त्या बाईंचा हात हातांत घेऊन विचारलें, “सुबे से कुछ खाया क्या नई?” त्या बाई सकाळपासून रडल्या नव्हत्या, त्या वेळीं रडल्या. नंतर दोघी बराच वेळ बोलत बसल्या. घरीं येतांना कन्या एवढेंच म्हणाली, “बाबा, आजीला येतें तें मला येत नाहीं.”

मालिकांचें काय झालें तें वाचकांस विदितच आहे. उरी येथील हल्ल्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्यें ‘जिंदगी’नें पाकिस्तानी मालिका बंद केल्या. पुढें त्या जालावर दिसूं लागल्या. पहलगाम येथील हल्ल्यानंतर ८ मे २०२५ रोजीं केंद्र सरकारनें सूचना काढून तेथूनही त्या हटविण्यास सांगितलें. ह्या निर्णयांच्या राजकीय बाजूची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. भाषेच्या दृष्टीनें त्यांतून एक गोष्ट मात्र उघड होते. जी भाषा केवळ वाहिनीच्या आधारें शिकली, ती वाहिनीबरोबर अस्तास जाते. कन्येची उर्दू गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळच गंजली. आईची तशीच आहे.

तेव्हां निर्णय असा. पडदा कान तयार करतो, गोडी लावतो, भाषेची उत्तम चाल कशी असते तें दाखवितो. एवढ्याबद्दल हसीना मोईन व उमैरा अहमद ह्यांचे आभार मानावयास मला संकोच वाटत नाहीं. परंतु पडदा विचारीत नाहीं, चूक दाखवीत नाहीं आणि आपलें कांहीं घेतही नाहीं. उर्दूस परभाषा म्हणणेंही अर्धेंच खरें आहे. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत ती मराठीच्या पंक्तीस बसलेली आहे, आणि संगमनेरांत तिच्या शाळाही भरतात. ज्यांस ती शिकावयाची आहे त्यांनीं मालिका अवश्य पाहाव्यात. मात्र त्यांतून उचललेलें वाक्य दुसऱ्या दिवशीं शेजारीं जाऊन बोलून पाहावें, आणि उत्तर कोणत्या बोलींत येतें तें नीट ऐकावें. कन्या सुटींत घरीं आली कीं आतां मागच्या अंगणांत आजीजवळ जाऊन बसते. शिंप्यांची नात तिला अलिफ-बे शिकविते, आणि त्या बदल्यांत मराठीच्या परीक्षेचे निबंध तपासून घेते. दोघींचें भांडण मध्येंमध्यें ऐकूं येतें. त्यांत ‘नक्को’ हा शब्द दोघींच्याही तोंडीं असतो.